चेन, स्पार्क प्लग आणि जगप्रदक्षिणा

पावसाळा ओसरला की आमच्या बेळगावहून दर रविवारी पहाटे आंबोलीच्या नाहीतर चोर्ल्याच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागते. बुलेट, हिमालयन, डोमिनार, एखादी केटीएम. घाटात चहा, भजी, फोटो आणि दहा-अकरापर्यंत घरी. मीही त्या रांगेत असतो, त्यामुळे पुढे जे लिहिणार आहे ते गाडी न चालवणाऱ्यानं बाहेरून मारलेले शेरे नाहीत, एवढं आधी सांगून ठेवतो. गेल्या काही वर्षांत या गाड्यांच्या मागे झेंड्याच्या जोडीला एक छोटा फलकही दिसू लागलाय. पाणी वाचवा, मुलगी शिकवा, कॅन्सरग्रस्तांसाठी राइड. त्या फलकामुळे कुणाला नेमकं काय मिळालं, हे मात्र चहाच्या टपरीवर कुणी कुणाला विचारत नाही.

माझ्या चुलतभावाच्या डोक्यात याहून मोठं खूळ आहे. त्याला बेळगावहून लंडनला गाडीनं जायचंय, जमलं तर तिथून खाली आफ्रिकेत. आणि वाटेत देणग्या गोळा करून त्या खानापूर तालुक्यातल्या जंगलातल्या गावांना द्यायच्यात. भीमगडच्या बाजूची ही गावं आपल्यापैकी अनेकांना माहीत आहेत. पावसाळ्यात ओढे भरले की तिथला पेशंट खांद्यावर उचलून डांबरी रस्त्यापर्यंत आणावा लागतो. भावाची तळमळ खरी आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण दिवाळीच्या फराळाला काकांनी मला बाजूला घेतलं. निवृत्तीच्या पैशातली एक एफडी ते या प्रवासासाठी मोडायला निघाले होते. "तू इंजिनिअर माणूस, तुला हिशोब कळतो," ते म्हणाले. "सांग की, द्यावेत काय पैसे? पोरगा म्हणतो, पुण्याचं काम आहे."

मी म्हटलं, "काका, मला जरा वेळ द्या." मग महिनाभर रात्री जेवणं झाल्यावर हेच वाचत बसलो.

मोटरसायकलवरून जग फिरणं ही काही नवी गोष्ट नाही. या वेडाचा आद्यपुरुष कोण, असं कुठल्याही दूरच्या प्रवाशाला विचारलंत तर बहुतेक जण टेड सायमन या ब्रिटिश पत्रकाराचं नाव घेतील. ६ ऑक्टोबर १९७३ रोजी तो ५०० सीसीची ट्रायम्फ घेऊन लंडनहून निघाला. नेमक्या त्याच दिवशी अरब-इस्रायल युद्ध पेटलं. आफ्रिका, दोन्ही अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि भारत करत तो चार वर्षांनी घरी पोचला. 'ज्युपिटर्स ट्रॅव्हल्स' हे त्याचं पुस्तक १९७९ साली आलं. वयाच्या सत्तरीला टेकल्यावर, २००१ मध्ये, तो पुन्हा त्याच वाटेनं निघाला. पण त्याचा प्रवास कुठल्या देणगीसाठी नव्हता. त्याला जग बघायचं होतं, वर्तमानपत्रानं मदत केली, संपला विषय. मला हा सरळपणा आवडतो.

देणगी आणि जगप्रवास यांची जोडी घराघरात पोचली ती २००४ मध्ये. इवान मॅक्ग्रेगर आणि चार्ली बूरमन हे दोन अभिनेते मित्र १४ एप्रिलला लंडनहून पूर्वेकडे निघाले आणि २९ जुलैला न्यूयॉर्कला पोचले. युरोप, युक्रेन, रशिया, कझाकस्तान, मंगोलिया, सायबेरिया, मग विमानानं अलास्का आणि पुढे कॅनडा, अमेरिका. 'लाँग वे राउंड' या नावानं ती मालिका आली. युनिसेफची कामं वाटेत दाखवायची, असं त्यांचं ठरलेलं होतं. युक्रेनमध्ये चेर्नोबिलच्या किरणोत्सर्गाची झळ बसलेली मुलं, उलानबातरमध्ये थंडीपासून वाचायला रस्त्याखालच्या गरम पाण्याच्या पाइपांशेजारी राहणारी मुलं. त्या भागात दोघांच्या चेहऱ्यावरचा अभिनय गळून पडलेला दिसतो. जिथे कॅमेरा एरवी गेला नसता तिथे तो गेला, एवढं श्रेय त्यांना द्यावंच लागतं.

त्याच मालिकेतली दुसरी एक गोष्ट मला जास्त लक्षात राहिली. त्यांच्या बीएमडब्ल्यू म्हणजे सामानासकट प्रचंड धूड. मंगोलियाच्या वाटांवर फ्रेमनं दगा दिला आणि एक गाडी ट्रकवर चढवून पुढे पाठवावी लागली. मग स्थानिक बाजारात एक साधी रशियन इझ विकत घेतली आणि प्रवास चालू ठेवला. ती चालायची, बंद पडायची, पण कुणालाही दुरुस्त करता यायची. आपल्याकडे अजूनही खेडोपाडी स्प्लेंडर का खपते, त्याचं उत्तर यातच आहे.

आता काकांच्या प्रश्नाकडे. मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते एका वेगळ्याच माणसाच्या गोष्टीतून. रँडी मामोला हा अमेरिकन रेसर ५०० सीसीच्या जागतिक स्पर्धेत चार वेळा दुसरा आला, पहिला कधीच नाही. १९८० च्या दशकात तो आफ्रिकेतल्या मुलांसाठी पैसे जमवत होता. ते पैसे कुठे जातात हे बघायला तो आणि बॅरी कोलमन हा पत्रकार मित्र सोमालियाला गेले. तिथे त्यांना दिसलं ते कुठल्याही मेकॅनिकच्या पोटात कालवाकालव व्हावी असं होतं. आरोग्यसेवकांसाठी देणगीतून आलेल्या गाड्या धूळ खात पडलेल्या. जुन्या नव्हेत, नव्या. कुणाची चेन तुटलेली, कुणाचा लहानसा पार्ट गेलेला. गाडी देणाऱ्यानं गाडी दिली होती. ती चालवायला कुणाला शिकवलं नव्हतं, तेल कधी बदलायचं ते सांगितलं नव्हतं, सुट्या भागांसाठी पैसे ठेवले नव्हते. आणि गाडी बंद म्हणजे लस बंद, गोळ्या बंद, गरोदर बाईकडे जाणारी नर्स बंद.

हे दोघे आणि बॅरीची पत्नी अँड्रिया, जी स्वतः रेसिंगमधली, यांनी मिळून 'रायडर्स फॉर हेल्थ' ही संस्था उभी केली. लेसोथो, झिंबाब्वे, गांबिया अशा देशांत तिनं काम केलं. आता याच संस्थापकांचं काम 'टू व्हील्स फॉर लाइफ' या नावानं चालतं. २००७ साली इवान आणि चार्ली पुन्हा निघाले, स्कॉटलंडच्या टोकापासून केपटाऊनपर्यंत, तेव्हा ज्या तीन संस्थांसाठी त्यांनी हात पुढे केला त्यात रायडर्स फॉर हेल्थ होती.

त्यांची पद्धत वाचताना मला माझ्या नोकरीची आठवण झाली. आमच्याकडे सर्व्हर पडल्यावर धावाधाव करणाऱ्याचं कौतुक होतं, तो पडूच नये म्हणून महिनाभर कटकट करणाऱ्याचं होत नाही. या लोकांनी नेमकं उलटं केलं. गाडी बंद पडली की दुरुस्त करायची नाही, ती बंद पडायच्या आत तिचा पार्ट बदलायचा. चेन, ब्रेक शू, फिल्टर, सगळ्याला किलोमीटरची मुदत ठरलेली. चालवणाऱ्यानं रोज सकाळी पेट्रोल, तेल, चेनचा ताण, ब्रेक, नटबोल्ट स्वतः तपासायचे. तंत्रज्ञानं ठरलेल्या दिवशी आरोग्यसेवकाच्या गावाकडे जायचं, म्हणजे सर्व्हिसिंगसाठी त्याचा कामाचा दिवस शहराला जाण्यात वाया जात नाही. आणि पैशाचं सूत्र: एक किलोमीटर चालवायला पेट्रोल, तेल, टायर, पार्ट, तंत्रज्ञाचा पगार आणि पुढे कधीतरी नवी गाडी घ्यावी लागेल तिचा वाटा धरून किती खर्च येतो, तो आकडा काढायचा. आरोग्य खातं किंवा संस्था तेवढे पैसे दर किलोमीटरमागे देणार. म्हणजे देणगीचा उत्साह संपला तरी गाडी थांबत नाही.

लेसोथोचा नकाशा जरा उघडून बघा. देशातली सगळ्यात सखल जागासुद्धा समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटरवर, म्हणजे आपल्या बेळगावच्या जवळजवळ दुप्पट उंच. एचआयव्हीचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांपैकी हा एक. डोंगरातल्या दवाखान्यात रक्ताचा नमुना घेतला तरी तपासणीची लॅब खाली शहरात. तो नमुना नेणं आणि रिपोर्ट परत आणणं हे काम या मोटरसायकली करतात. जग फिरलेल्या कुठल्याही गाडीपेक्षा मला त्या गाडीचा ओडोमीटर बघायला आवडेल.

आपल्याकडेही अशी माणसं आहेत. पश्चिम बंगालच्या जलपायगुडी भागातल्या चहाच्या मळ्यात काम करणारे करीमुल हक. वेळेवर गाडी न मिळाल्यानं आई गेली, तेव्हापासून ते स्वतःच्या मोटरसायकलवर पेशंटला मागे बसवून दवाखान्यात पोचवतात. २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शेजारच्या गोव्यात १०८ च्या सेवेत बाइक ॲम्ब्युलन्स आहेत, त्या अरुंद रस्त्यांवर मोठ्या गाडीच्या आधी पोचतात.

हे सगळं वाचल्यावर भावाला घेऊन बसलो. म्हटलं, आधी दोन पिशव्या वेगळ्या कर. एक तुझ्या प्रवासाची, एक गावांची. पहिलीत काय काय येतं ते कागदावर मांडलं. गाडी परदेशात नेऊन परत आणायची तर बऱ्याच देशांत 'कार्ने' लागतं. गाडी तिथे विकली जाणार नाही, परत बाहेर जाईल, याची ती कस्टमला दिलेली हमी. ती आपल्याकडे ऑटोमोबाइल असोसिएशन देते आणि त्यासाठी मोठी रक्कम अनामत ठेवावी लागते. गाडी वेळेत बाहेर पडली नाही तर ड्युटी त्यातून जाते. पाकिस्तानातून जाणं आपल्याला जवळजवळ अशक्य, म्हणून नेपाळमार्गे तिबेट धरायचा तर चीनमध्ये स्वतःची गाडी परवानाधारक एजन्सी आणि गाइडशिवाय चालवता येत नाही, तोही खर्च. नाहीतर जहाजानं आखाताकडे. पन्नास हजार किलोमीटरला लिटरमागे तीस धरले तरी साधारण १,७०० लिटर पेट्रोल. टायरच्या तीन-चार जोड्या, दोन चेनसेट. शिवाय व्हिसा, विमा. आणि नशीब. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईहून निघालेल्या एका मराठी स्वाराची केटीएम इंग्लंडात नॉटिंगहॅमला सामानासकट चोरीला गेली.

"हा सगळा तुझा शौक," मी म्हटलं. "वाईट काहीच नाही त्यात. पण लोकांनी दिलेल्या देणगीतला एक रुपया यात जाता कामा नये."

तो जरा चिडला. "दादा, मी फिरलो नाही तर लोक देणगी देतील का? तू आंबोलीला जाऊन भजी खातोस, त्यातून किती जमले?"

होय की, यात तथ्य आहे. इवान-चार्ली गेले नसते तर उलानबातरच्या त्या मुलांबद्दल मला काय कळणार होतं? प्रवासाला जाहिरातीची किंमत असतेच. पण ती जाहिरात कुणी कुणाच्या पैशानं केली, हे देणाऱ्याला स्पष्ट दिसलं पाहिजे. म्हणून आम्ही ठरवलं ते असं. देणगी भावाच्या खात्यात यायचीच नाही. ८०जी असलेल्या नोंदणीकृत ट्रस्टच्या खात्यात थेट जमा होईल आणि पावती तिथूनच मिळेल. रोख दोन हजारांच्या वर नाही, कारण त्यावरच्या रोख देणगीला तशीही करसवलत मिळत नाही. परदेशी माणसाला द्यायचं असेल तर ट्रस्टकडे एफसीआरएची परवानगी आहे का ते आधी बघायचं, नसेल तर नम्रपणे नाही म्हणायचं. भावानं वाटेत फक्त गोष्ट सांगायची.

काकांना मी सांगितलं, एफडी मोडायची तर पोराच्या हौसेसाठी मोडा, पुण्यासाठी म्हणून नको. ते बराच वेळ गप्प बसले. मग काकू आतून म्हणाली, "मग अर्धीच मोडा." तसंच झालं. उरलेल्या अर्ध्यासाठी भावानं आणखी एक वर्ष नोकरी करायचं कबूल केलंय.

या वर्षभरात दुसऱ्या पिशवीचं काम मात्र सुरू होतंय. खानापूरच्या बाजूला नर्स आणि आशाताई ज्या दुचाकी वापरतात त्यांची तीन महिन्यांतून एकदा जागेवर जाऊन सर्व्हिसिंग करायची. रविवारच्या आमच्या रांगेतले आठ-दहा जण तयार झालेत. आंबोलीऐवजी एक रविवार तिकडे. पैकी दोघांना खरंच गाडी खोलता येते, बाकीच्यांनी तेल बदलायचं, हवा भरायची आणि मिस्त्रीच्या हातात पाना द्यायचा. पहिल्या फेरीसाठी मी सुट्या भागांची यादी केली: ब्रेक शू, क्लच केबल, प्लग, इंजिन ऑइल, बल्ब, चार ट्यूब. आमच्या गल्लीतल्या गॅरेजच्या मिस्त्रीनं ती वाचली, कानावरची पेन्सिल काढली आणि चारचे दहा केले. म्हणाला, "त्या रस्त्याला दुसरं काय जात नाही बघा, ट्यूबच जाते."