रानभाजी रांधताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पहिला पाऊस स्थिरावला की ठाणे, कल्याण, पनवेल, कर्जतच्या स्टेशनांबाहेर कातकरी आणि ठाकर बायका टोपल्या घेऊन बसतात. आधी शेवळं, काकडं, टाकळा, कुर्डू. मग फोडशी, भारंगी, कर्टोली. लोक थांबतात, जुडी उलटीपालटी करून बघतात आणि ‘खाजेल’, ‘कडू असेल’, ‘आपल्याला नाही जमायची’ असं म्हणत पुढच्या गाड्यावरचा फ्लॉवर घेतात. दुसरीकडे, रानातलं म्हणजे औषधच असं मानून कुठलाही पाला मिक्सरमधून काढून पिणारेही वाढले आहेत. पहिल्या समजुतीने एक चांगली भाजी ताटात येत नाही. दुसरीने माणूस दवाखान्यात जाऊ शकतो.

खाजेपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त भीती तिचीच आहे. शेवळं, सुरण, अळू, तेरं ही सगळी एकाच कुळातली. यांच्या पेशींमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. कच्चं किंवा अर्धकच्चं खाल्लं की ते जिभेत, घशात टोचतात. म्हणजे खाज खरी आहे, पण ती भाजी खराब असल्याची खूण नाही आणि ती ॲलर्जीही नव्हे.

चिंच घातली की खाज मरते, असं सर्रास सांगितलं जातं. हे स्फटिक चिंचेच्या कोळात सहज विरघळत नाहीत. आंबटाने त्रास कमी होतो हा पिढ्यांचा अनुभव आहे आणि तो मोडायचं काही कारण नाही, पण भिस्त ठेवायची ती साफ करण्यावर आणि पुरेसं शिजवण्यावर. शेवळाचा कोंब हातात घेतला की बाहेरचं जांभळट-तपकिरी आवरण सोलून काढायचं. आत उभा दांडा दिसतो. त्याच्या खालच्या भागाला पिवळसर दाणेदार पट्टा असतो. तो म्हणजे शेवळाची बारीक फुलं. सगळ्यात जास्त खाज तिथेच, म्हणून तो भाग कापून टाकायचा. हाताला आधी तेल चोळून घ्यायचं. उरलेलं बारीक चिरून तेलावर चांगलं परतायचं आणि मग काकडांच्या पाण्यात शिजवायचं. काकडं ही आंबट-तुरट हिरवी फळं. शेवळं विकणारी बाई ती बहुधा शेजारीच ठेवते आणि मागितली नाहीत तरी ‘घेऊन जा’ म्हणते. तिचं ऐकावं. सीकेपी आणि पाठारे प्रभू घरांत याच शेवळांत कोळंबी, सोडे किंवा खिमा पडतो. शाकाहारी घरांत वाल. हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा, कारण या झाडाचं फूल आधी येतं आणि पान नंतर. आपण खातो ते फूल.

कडू म्हणजे गुणकारी, हा समज मात्र जिवावर बेतू शकतो. भारंगीचा पाला कडू असतो. तो उकडून, पाणी टाकून, घट्ट पिळून घेतला की कडूपणा सोसवेल इतका उतरतो आणि भिजवलेल्या वालांबरोबर किंवा सोड्यांबरोबर त्याची उत्तम भाजी होते. कारल्याचा कडूपणाही त्याचा स्वतःचा, खाण्याजोगा. दुधी, पडवळ, काकडी यांचं तसं नाही. ही फळं गोडसरच असायला हवीत. त्यातलं एखादं कडू निघालं, तर त्यात कुकर्बिटॅसिन नावाची विषारी द्रव्यं वाढलेली असतात आणि ती शिजवूनही जात नाहीत. कडू दुधीचा रस पिऊन आपल्या देशात माणसं दगावली आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने त्यासाठी तज्ज्ञ समिती नेमली होती आणि कडू लागलेला रस अजिबात पिऊ नका, असं तिने स्पष्ट सांगितलं. म्हणून परसातल्या वेलीची असो की आठवडी बाजारातली, दुधी चिरली की एक छोटा तुकडा जिभेला लावून बघायचा. कडू लागला तर थुंकायचा आणि अख्खी दुधी टाकून द्यायची. ‘पोटाला चांगलं’ म्हणून गिळायचं नाही.

तुकडा चाखून बघण्याची ही युक्ती ओळखीच्या फळभाजीपुरतीच. अनोळखी पाला, कंद किंवा अळंबी चाखून ठरवता येत नाही. पावसाळ्यात कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी किती सुंदर दिसते, पण तिच्या कंदात कोल्चिसिन असतं आणि ते थोडंही प्राणघातक ठरू शकतं. अळंब्यांबद्दल तर घरोघरी चाचण्या आहेत: चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, लसूण काळा पडला तर विषारी, किड्याने खाल्लेली असेल तर सुरक्षित. यातली एकही खरी नाही. सर्वांत घातक अळंब्यांमधलं विष उष्णतेने जात नाही आणि त्याची लक्षणं खाल्ल्यावर सहा-सहा तासांनी, कधी त्याहून उशिरा सुरू होतात. मध्ये बरं वाटतं आणि मग यकृत निकामी होऊ लागतं. कोकणात आणि गोव्यात वारुळाजवळ उगवणाऱ्या अळंब्यांवर लोकांचा जीव असतो. त्या वाळवीच्या सोबतीनेच वाढतात, त्यांची व्यापारी लागवड होत नाही, म्हणून त्या महाग. पण त्या घ्यायच्या वर्षानुवर्षं त्याच जागेवरून खुडणाऱ्या माणसाकडून. फोनवरचा फोटो जुळवून आपणच डोंगरावरून तोडून आणायच्या नाहीत.

टाकळ्याचं उदाहरण घ्या, म्हणजे ओळख किती बारकाईची असते ते कळेल. विदर्भात याला तरोटा म्हणतात. टाकळ्याच्या एका पानावर पानोळ्यांच्या साधारण तीन जोड्या असतात आणि प्रत्येक पानोळी टोकाला गोलसर, रुंद. त्याचाच भाऊबंद कासविंदा शेजारीच उगवतो. त्याच्या जोड्या जास्त, बहुधा चार-पाच, आणि पानोळ्या टोकदार. या कासविंद्याच्या बिया खाऊन पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं मेंदू आणि यकृताच्या गंभीर आजाराने दगावल्याचं संशोधकांनी दाखवून दिलं आहे. ज्या बाईने लहानपणापासून टाकळा खुडला आहे तिला हा फरक लांबूनच दिसतो. बाजारातून घेण्याचा खरा फायदा हा आहे. आपण तिच्या नजरेचे पैसे देत असतो, म्हणून या टोपलीशी घासाघीस करणं मला पटत नाही.

रानातली म्हणजे आपोआप सेंद्रिय, हेही धरून चालू नका. रानभाज्यांपैकी बऱ्याच बांधांवर, पडीक जमिनीत, रस्त्याकडेला उगवतात. बांधावर तणनाशक मारलं असेल किंवा भाजी सांडपाण्याच्या काठावरची असेल, तर ती ‘नैसर्गिक’ उरत नाही. ‘कुठनं आणली, मावशी?’ हा प्रश्न भावाच्या आधी विचारावा. बहुतेक जणी गावाचं नाव सांगतात, काही जणी डोंगराचंही.

पावसाळ्यात पालेभाजी खायचीच नाही, हा नियम अनेक घरांत आहे. चातुर्मासात, विशेषतः श्रावणात, शाक वर्ज्य करणारे लोक आहेत आणि ज्याचं व्रत त्याने पाळावं. पण त्याच परंपरेत भाद्रपदातली ऋषिपंचमी येते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून नांगर न लावता उगवलेल्या अळू, माठ, सुरण यांची मिसळीची भाजी होते. तेव्हा पावसाळा आणि पाला यांचं वैर नाही. वैर आहे ते चिखलाचं आणि अळ्यांचं. जुडी सोडून, पान पान वेगळं करून, पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत तीन-चारदा धुतलं आणि नीट शिजवलं की काम होतं. नुसतं मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवणं पुरत नाही.

कच्चं खाल्लं की सत्त्व टिकतं, हा समज बांबूच्या कोंबांबाबत, म्हणजे वास्त्यांबाबत, सरळ धोक्याचा आहे. कच्च्या कोंबात सायनाइड सुटणारं द्रव्य असतं. पातळ काप करून, झाकण न ठेवता उकळून, ते पाणी फेकूनच वास्ते वापरायचे. पाण्याबरोबर थोडी जीवनसत्त्वं गेली तर जाऊ द्या.

खास मसाला लागतो, हातखंडा लागतो, ही शेवटची अडचण तर अडचणच नाही. पहिल्यांदा करणाऱ्याने फोडशी घ्यावी. कांद्याच्या पातीसारखी दिसते, मुळाशी पांढरी असते आणि तिथेच माती अडकते. बुडखा कापून पाती सुट्या कराव्यात, जून झालेल्या असतील तर मधला कडक दांडा काढावा, धुऊन बारीक चिरावं. तेलात ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, भरपूर कांदा, भिजवलेली मूगडाळ, मग भाजी. झाकण ठेवून डाळ बोटाने दाबली जाईल इतकी शिजवावी आणि वरून ओलं खोबरं घालावं. हाच ऐवज ज्वारी-बेसनाच्या पिठात मळला की थालीपीठ होतं. मीठ मात्र शेवटी घाला, कारण कढईभर दिसणारा पाला आळून मूठभर होतो आणि आधी अंदाजाने टाकलेलं मीठ हमखास जास्त होतं.