मुलाचे तोंड आले आहे? आधी हिरड्या पाहा

पाड्यावर भेटीला गेल्यावर एखादे मूल पेजही तोंडात घेत नाही, लाळ गळते, अंग तापलेले असते. घरची माणसे म्हणतात, "उष्णतेने तोंड आले." पण ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांत हे हर्पिस विषाणूच्या पहिल्या संसर्गाचे लक्षण असू शकते.

तो ओळखायला बहुधा चाचणी लागत नाही. चांगल्या उजेडात तोंड पाहावे. आधी ताप येतो. मग हिरड्या लाल होऊन सुजतात, त्यांतून रक्त येते. हिरड्या, जीभ, टाळू आणि ओठांवर बारीक फोड येऊन फुटतात. साधे तोंड आले असता ताप नसतो व हिरड्या सुजत नाहीत. तळहात-तळपायांवरही पुरळ असेल, तर बहुधा आजार वेगळा असतो. शंका उरल्यास डॉक्टर फोडातील स्राव पीसीआर चाचणीसाठी पाठवतात.

जखमा सहसा १० ते १४ दिवसांत भरतात. अँटिबायोटिकचा विषाणूवर उपयोग होत नाही. असायक्लोव्हिर पहिल्या ३ दिवसांत सुरू केल्यास अधिक गुण येतो. म्हणून डॉक्टरांना लवकर दाखवावे.

खरा धोका अंगातले पाणी कमी होण्याचा. चमच्याने थोडे थोडे पाणी पाजत राहावे. लघवी कमी झाली किंवा मूल मलूल झाले, तर ताबडतोब दवाखाना गाठावा. नवजात बाळाला हा संसर्ग जिवावर बेतू शकतो. म्हणून ओठावर फोड असताना बाळाचा मुका घेऊ नये.