वणव्याची खबर फुकट मिळते, मग धंदा कुठे आहे?

"सर, एआय आणि ड्रोन घेऊन जंगलातली आग शोधायची कंपनी काढू का?" नांदेड-लातूरकडच्या एखाद्या तरुणानं असं विचारलं, तर मी आधी विचारीन, पैसे कोण देणार?

कारण आगीची खबर आधीच फुकट मिळते. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहाच्या मदतीनं आगीची ठिकाणं कळवते. मोबाईल नंबर नोंदवून आपला भाग निवडला की इशारा येतो. नासाचं फर्म्स हे संकेतस्थळही मोफत आहे. किनवट-माहूरच्या सागवानात कुठे आग दिसली, ते घरबसल्या बघता येतं. फुकटात मिळणारा माल विकायला निघू नका.

मग अडतं कुठे? उपग्रह जंगलावर राखण करत बसत नाही. सुओमी एनपीपी हा उपग्रह आपल्यावरून दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास जातो. दुपारी तीनला लागलेली आग त्याला रात्रीच दिसणार. त्याच्या नकाशावरचा एक चौकोन ३७५ मीटर बाय ३७५ मीटर, म्हणजे जवळपास ३५ एकर! त्यात आग नेमकी कुठल्या नाल्याकडे आहे, ते माणसानंच जाऊन बघायचं.

नागपूरकडच्या पेंच व्याघ्र प्रकल्पात २०२४ साली धूर ओळखणारा एआय कॅमेरा उंचावर बसवला. काही मिनिटांत इशारा मिळावा हा हेतू. काम झकास, पण गिऱ्हाईक एकच, सरकार. टेंडर भरा, बिल लावा आणि वाट बघा. दोन-चार लाखांच्या भांडवलात हे झेपत नाही, स्पष्टच सांगतो.

आता लातूरकडे या. इथं जंगल नावालाच. पण जळायला जंगलच लागतं असं थोडंच आहे? सोयाबीनची बनीम, कडब्याची गंज, गोदाम, आणि नांदेडकडे जिनिंगमधले कापसाचे ढीग. कापूस आतल्या आत धुमसतो, धूर बाहेर येईपर्यंत उशीर झालेला असतो. ढिगात खोचायची तापमानाची सळई, छताला धुराचा सेन्सर, एक सिमकार्ड आणि भोंगा. असं यंत्र आपल्या आयटीआयचा पोरगा जोडू शकतो. मालकाचा स्वतःचा माल जळणार असतो, म्हणून तो पैसे देतो. पण नुसतं यंत्र विकून मोकळे होऊ नका. दर महिन्याला तपासणी, बॅटरी, धूळ पुसणं याचे वर्षाचे पैसे ठरवून घ्या. खरी कमाई त्यात आहे. (उघड्या रानात हाच धुराचा सेन्सर फारसा चालत नाही, वारा धूर उडवून नेतो.)

आणि जंगलातच काम करायचं असेल, तर आग का लागते ते बघा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तीच आग पुढं पसरते. झाडाखाली जाळी बांधली की पाला जाळायची गरजच नाही, फुलंही मातीत पडत नाहीत, भाव बरा मिळतो. किनवट भागात बचत गटांना अशा जाळ्या भाड्यानं देता येतील. हंगामाआधी एक-दोन गावांत दहा झाडांवर करून बघा, स्वच्छ फुलाला व्यापारी किती जास्त देतो ते वहीत लिहा, मगच पुढची जाळी विकत घ्या.

रानात धूर दिसला तर वन विभागाचा १९२६ हा टोल-फ्री नंबर आहे. तो आजच मोबाईलमध्ये सेव्ह करा.