आवारातला अशोक कोणता?

जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांत ज्या नव्या वसाहती उठल्या, त्यांच्या कोणत्याही रस्त्याने जाताना बंगल्यांच्या कुंपणाआत, शाळांच्या पटांगणाकडेला आणि सरकारी कचेऱ्यांच्या आवारात एक वृक्ष ओळीने उभा असलेला हमखास आढळतो. तो सरळसोट आणि उंच असतो, त्याच्या फांद्या खोडालगत खाली झुकलेल्या असतात आणि लांबट, तुकतुकीत पानांच्या कडा नागमोडी असतात. घरधन्यास विचारले तर तो निःशंकपणे ‘अशोक’ असे उत्तर देतो, आणि बहुधा हे नाव त्याला रोपाबरोबरच मिळालेले असते. परंतु ज्याच्या नावाच्या वाटिकेत सीतेने विरहाचे दिवस कंठले, ‘मालविकाग्निमित्रा’त कालिदासाने ज्याच्या बहरासाठी मालविकेचा पदाघात योजिला आणि मदनाच्या पंचबाणांत ज्याच्या पुष्पाची गणना झाली, तो अशोक हा नव्हे. हा आसुपालव होय. आणि खरा अशोक, ज्यास आपण सीताअशोक म्हणतो, तो या आवारांत क्वचितच दृष्टीस पडतो.

दोहोंतील भेद जाणण्यास वनस्पतिशास्त्राच्या पदवीची गरज नाही. पान, फूल आणि फळ या तीन साक्षीदारांची जबानी पुरेशी आहे. आसुपालवाचे पान साधे, एकेकटे असते. सीताअशोकाचे पान संयुक्त असून त्याच्या एकाच दांड्यावर पर्णिकांच्या सामान्यतः चार ते सहा जोड्या असतात, आणि त्याची कोवळी पालवी ताम्रवर्णी, मऊ व झुपक्यांनी खाली लोंबणारी असते. आसुपालवाची फुले फिकट हिरवी, सहा अरुंद पाकळ्यांची आणि पानांच्या रंगात लपून जाणारी असल्यामुळे या झाडास फूल येते हेच कित्येकांच्या ध्यानात येत नाही. उलट सीताअशोकाचे सुगंधी गुच्छ वसंतात जुन्या फांद्यांवर, प्रसंगी खोडावरही उमलतात; आरंभी पिवळट नारिंगी असलेली ती फुले पुढे लाल होतात, आणि विशेष हे की त्यांना पाकळ्या मुळीच नसतात, ज्यांना आपण पाकळ्या समजतो ती संवर्ताची रंगीत दले होत. आसुपालवास जांभळासारख्या अंडाकृती फळांचे घोस लागतात, ज्यांवर वटवाघळे आणि कोकीळ ताव मारतात. सीताअशोकास चपट्या, चिवट शेंगा येतात. पहिला सीताफळाच्या कुळातला, दुसरा चिंचेच्या. अर्थात सीताफळ आणि चिंच यांत जेवढे नाते, तेवढेच या दोन ‘अशोकां’त.

एकाचे नाव दुसऱ्यास मिळण्यास खानदेशाचे हवामानही साह्यभूत झाले. सीताअशोक हा सह्याद्रीच्या सदाहरित अरण्यातला, ओढ्याकाठच्या ओलाव्यात आणि सावलीत सुखाने वाढणारा वृक्ष. वैशाखात ज्या मुलखात पारा 45 अंशांपर्यंत चढतो, तेथे त्याची निगा राखणे सोपे नव्हे. दक्षिण भारत आणि श्रीलंका येथून सर्वत्र पसरलेला आसुपालव मात्र ऊन, धूळ आणि कोरडी हवा सोशीकपणे सहन करतो, आणि त्याचा सडपातळ प्रकार हातभर जागेतही भिंतीलगत उभा राहतो. धुळ्याहून सुरतेच्या रस्त्याने सीमा ओलांडली की शेजारच्या गुजरातेत हाच वृक्ष आसोपालव या नावाने ओळखला जातो आणि त्याच्या पानांची तोरणे मंगलकार्यात दारी बांधली जातात.

ही गफलत केवळ हौशी बागवानांपुरती असती तर तिचा एवढा ऊहापोह करण्याचे कारण नव्हते. परंतु ती औषधांच्या बाजारातही शिरली आहे. स्त्रियांच्या अतिरक्तस्रावासारख्या विकारांवर आयुर्वेदात जे अशोकारिष्ट सांगितले आहे, ते सीताअशोकाच्या सालीपासून होते, आणि भारतीय आयुर्वेदिक औषधकोशानेही अशोक म्हणून हीच साल ग्राह्य धरली आहे. तथापि तिच्या जागी आसुपालवाची साल मिसळली जात असल्याचे संशोधकांनी वेळोवेळी दाखवून दिले आहे. दुसरीकडे, खऱ्या वृक्षाची साल सोलून नेण्याने त्याची अरण्यातील संख्या घटत गेली, आणि आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने 1998 मध्ये त्याची नोंद संकटप्रवण वृक्षांत केली.

विद्वानांचीही या वृक्षाबाबत दीर्घकाळ फसगत झाली होती. कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानाचे अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस, संस्कृतचे व्यासंगी विल्यम जोन्स यांच्या स्मरणार्थ, त्याचे ‘जोनेसिया असोका’ असे नामकरण केले. पुढे तो आणि लिनिअसने 1767 मध्ये वर्णिलेली ‘सराका इंडिका’ ही एकच जाती मानली गेली. वस्तुतः ती आग्नेय आशियातील वेगळी जाती होती. 1968 मध्ये आपल्या अशोकास ‘सराका असोका’ हे नाव प्राप्त झाले, तरी जुने नाव ग्रंथांतून पुढे कित्येक वर्षे चालतच राहिले.

यावरून आसुपालवास लबाड ठरवावे, असे मुळीच नाही. ‘खोटा अशोक’ हे त्याचे नाव त्याजवर अन्याय करते. त्याने अशोक असल्याचा दावा कधी केला नाही, तो आपण त्याच्या वतीने केला. त्याचे नाव त्याला परत द्यावे आणि त्याची सावली, त्याची सोशिकता व पाखरांना त्याने घातलेले अन्न यांचा आदर त्याच नावाने करावा. सीताअशोकाची हानी मात्र अधिक गंभीर आहे. जो वृक्ष दारोदारी असल्याचा सर्वांचा समज असतो, तो नाहीसा होत असल्याची खंत कोणासही वाटत नाही, आणि म्हणून त्याच्या रक्षणासाठी कोणी पुढेही येत नाही. म्हणून नगरपालिकांच्या उद्यानांत व महाविद्यालयांच्या आवारांत दोन्ही वृक्ष आपापल्या नावाच्या पाटीसह शेजारी शेजारी लावावेत. आणि ज्यांच्या विहिरीला बारमाही पाणी व परसात दुपारची सावली आहे, त्यांनी रोप घेताना विक्रेत्याच्या शब्दावर न विसंबता एका दांड्यावरच्या पर्णिकांच्या जोड्या स्वतः मोजून मगच ते घरी न्यावे.