‘त्याची बारावी आहे’

सांगलीच्या खणभागात काय किंवा साताऱ्याच्या सदर बझारात काय, रमजानच्या पहाटे एखाद्या खिडकीतला दिवा सहरी आटोपल्यावरही विझत नाही. रोजा सुरू होण्याआधीचे जेवण उरकून, फजरची नमाज अदा करून घरातली माणसे पुन्हा पाठ टेकतात; जळत राहतो तो बारावीच्या पोराचा नाहीतर पोरीचा दिवा. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान दर वर्षी मागे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांनी त्याच ऋतूत परत येतो. अलीकडे तो बोर्डाच्या परीक्षेत येतो आहे. १९९२-९३ सालीही असाच आला होता. रोजे ठेवून तेव्हा पेपर दिलेले अनेक जण आज परीक्षार्थींचे आईबाप आहेत. म्हणजे घरात अनुभवाची कमी नाही.

तरी एक वाक्य सगळीकडे ऐकू येते : ‘त्याला काही सांगू नका, त्याची बारावी आहे.’ पाहुणे आले तरी बाहेर येऊ नको, दुकानात जाऊ नको, ताट उचलू नको. हे वाक्य मुस्लिम मोहल्ल्यापुरते नाही; गणपतीच्या आरतीलाही हीच सूट मिळते. दोन वर्षे मूल आपल्याच घरात पाहुण्यासारखे राहते. मग प्रवेशाचे दिवस येतात आणि साताऱ्याचा मुलगा सांगलीला वालचंद अभियांत्रिकीत किंवा पुण्यात, एका खोलीत दोघा-तिघा अनोळखी मुलांबरोबर राहायला जातो. उतू जाणारे दूध पाहून गॅस बंद करायचेही ज्याच्यावर कधी आले नाही, त्याने मेसचे जेवण, कपडे, महिन्याचे पैसे, सोबत्याचा स्वभाव आणि घरची आठवण हे सगळे आठवडाभरात शिकावे, अशी आपली अपेक्षा असते. पहिल्या सत्रात गुण घसरतात ते पुष्कळदा गणितामुळे नव्हे, या घडामोडीमुळे.

सूट मिळते ती मुलाला, हेही सांगायला हवे. बहीण बारावीला असली तरी असरनंतर इफ्तारची भजी तळायला तिलाच हाक जाते. ती पुस्तक ओट्यावर उघडे ठेवून तळते. तिला कामातून सोडवावे की भावाला कामाला लावावे, याचा विचार फार घरांत होत नाही. दोघांनी अर्धा-अर्धा तास वाटून घेतला तर कोणाचा अभ्यास बुडणार आहे?

या दोन जिल्ह्यांना हे बाहेरून कोणी शिकवायला नको. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१०च्या सुमारास सांगलीजवळच्या दूधगावात विद्यार्थी आश्रम काढला, १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केले. १९२७ साली गांधीजींनी त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण केले. धनिणीच्या बागेतल्या त्या बोर्डिंगात वेगवेगळ्या जातिधर्मांची मुले एका पंगतीत जेवत. पाणी भरणे, स्वयंपाक, झाडलोट हे सारे मुलांकडेच होते. पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झालेले बॅरिस्टर पी. जी. पाटील याच मुशीतून घडले. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले तेव्हा तिथेही ‘कमवा आणि शिका’ हीच रीत राहिली.

त्या कष्टांचे नुसते गोडवे गाण्यात अर्थ नाही. त्यामागे गरिबीची सक्ती होती. पण त्या मुलांना एकटे पडायला सवड नव्हती, हेही खरे. चूल पेटत नसेल तर शेजारच्याला हाक मारावी लागे, आणि हाक मारायची सवय पुढे जन्मभर उपयोगी पडे. आजच्या अभ्यासाच्या खोलीचे दार आतून बंद असते.

स्वतः भाऊराव मॅट्रिकही झाले नव्हते. वर्गात ते बसतात तो बाक एकवेळ वरच्या इयत्तेत ढकलीन, पण त्यांना नाही, असे त्यांचे गणिताचे मास्तर म्हणाल्याचे सांगतात.

आता झोपेचे. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते आणि वाचलेले डोक्यात पक्के बसते ते झोपेतच. तरावीहची नमाज संपवून दहाला पडलेला मुलगा साडेचारला उठला तर साडेसहाच तास होतात. त्यातला तास मोबाइल खातो. उरलेली झोप दुपारी भरून काढता येते. दुपारच्या या वामकुक्षीला ‘कैलूला’ म्हणतात आणि ती पैगंबरांच्या काळापासून चालत आलेली आहे. अकराचा पेपर देऊन आलेल्या मुलाला लगेच ‘किती सोडवलास?’ विचारण्यापेक्षा तासभर झोपू द्यावे.

परीक्षेत रोजा ठेवावा का, हा प्रश्न दर वर्षी निघतो. आजारी आणि प्रवासी माणसाला रोजे नंतर पुरे करण्याची सवलत कुरआनानेच दिली आहे. परीक्षेबद्दल उलेमांची मते एकसारखी नाहीत. अडचण निराळीच आहे. सतरा वर्षांच्या मुलाला समोर बसवून ‘तुला काय झेपेल?’ असे विचारणारी घरे थोडी. एका घरात रोजा ठेवलाच पाहिजे, दुसऱ्यात ठेवायचाच नाही. दोन्हीकडे निर्णय मोठ्यांचा. स्वतःच्या शरीराचा अंदाज घेऊन ठरवणे आणि ठरवलेले निभावणे हे त्याला कॉलेजात रोज करावे लागणार आहे.

निकालाच्या दिवशी तर नातेवाइकांचे फोन मुलाच्या आधी उठतात. नापास झालेल्याला त्याच वर्षी पुरवणी परीक्षा देता येते, आयटीआयची वाट मोकळी असते, हे त्या गडबडीत कोणी बोलत नाही. ते आधीच, पेपर चालू असताना, साध्या आवाजात सांगून ठेवावे. आणि जेवण उडाले, बोलणे थांबले, जगण्याचाच कंटाळा आल्यासारखे मूल बोलू लागले तर ‘नाटक करतो’ म्हणू नये. केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो, फुकट आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. तो वेळापत्रकाशेजारी भिंतीवर लिहून ठेवावा. मुलाने स्वतः लावला तर दाराशी उभे राहून कान देऊ नये.