गाठ साधी, जागा अवघड

दूरध्वनीवरचे बोलणे एका कानाने स्पष्ट ऐकू येते, दुसऱ्या कानाने मात्र आवाज येऊनही शब्द उमगत नाहीत. सोबत कानात अखंड गुणगुण. वय झाले, मळ साचला असे म्हणून ही तक्रार सहसा सोडून दिली जाते. क्वचित प्रसंगी तिच्या मुळाशी 'अकूस्टिक न्यूरोमा' नावाची गाठ असते.

नाव तसे फसवेच. ही गाठ श्रवणाच्या नव्हे, तर शरीराचा तोल सांभाळणाऱ्या मज्जातंतूच्या आवरणातून वाढते. ती कर्करोगाची नसते व अन्यत्र पसरतही नाही. वर्षाकाठी साधारण एक-दोन मिलिमीटर वाढ. काही गाठी तर वर्षानुवर्षे आहे तेवढ्याच राहतात. अडचण आहे ती जागेची. ऐकण्याचा आणि चेहऱ्याच्या हालचालींचा असे दोन्ही मज्जातंतू हाडातील त्याच चिंचोळ्या बोगद्यातून तिला खेटून जातात. गाठ मोठी झाली की मेंदूच्या देठावर दाब येतो.

हार्वे कुशिंग यांनी १९१७ च्या ग्रंथात गाठ आतून पोखरून तिचे कवच मागे ठेवण्याची पद्धत मांडली. रुग्ण वाचू लागले. गाठ मात्र पुन्हा वाढे. १९६० च्या दशकात विल्यम हाऊस यांनी या शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक आणला आणि चेहरा वाचविण्याची आशा वाढली. आता कानामागे सुमारे तीन सेंटिमीटरचे छिद्र पाडून, एंडोस्कोपच्या साहाय्यानेही गाठ काढता येते. चेहऱ्याच्या स्नायूंत बारीक सुया बसविलेल्या असतात. मज्जातंतूला धक्का लागताच यंत्र आवाज करते. तरीही छेद लहान म्हणून धोका लहान, असा समज करून घेऊ नये. मज्जातंतूला घट्ट चिकटलेला पापुद्रा आज अनेक शल्यविशारद जाणूनबुजून मागे ठेवतात. कुशिंग यांनी प्राणासाठी जे केले, ते आता हसू शाबूत राहावे म्हणून केले जाते.

स्वीडनचे लार्स लेक्सेल यांच्या 'गॅमा नाइफ'मध्ये (१९६८) तर सुरीच नाही. किरणांचे सूक्ष्म झोत गाठीवर एकवटतात. तीन सेंटिमीटरपर्यंतच्या बहुतेक गाठींची वाढ त्याने थांबते. गाठ नाहीशी मात्र होत नाही आणि पुढील काही वर्षांत श्रवणशक्ती घटू शकते.

लहान गाठ असल्यास ठराविक काळाने एमआरआय करून केवळ लक्ष ठेवणे, हाही मान्य उपचार आहे. एकदा गेलेले ऐकणे सहसा परत येत नाही. म्हणूनच श्रवणचाचणीत दोन कानांत ठळक फरक आढळला, तर एमआरआयबाबत कान-नाक-घसा तज्ज्ञांना अवश्य विचारावे.