किंचाळीचे परीक्षण

इमो आणि तिची किंचाळणारी शाखा स्क्रीमो, या शैलींतल्या बँडच्या नव्या रिलीजचे परीक्षण करताना पहिली अडचण येते ती लांबीची. अंडरग्राउंड बँडचा डेमो किंवा ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांचा छोटा संच, बहुधा दहा-पंधरा मिनिटांत आटोपतो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या ऑर्किड या बँडचा ‘केऑस इज मी’ (१९९९) हा अख्खा अल्बमही वीस मिनिटांच्या आतबाहेरचाच. पुण्याहून सुटलेली बस खडकवासल्याच्या पाण्याकडेने पानशेतला पोहोचेपर्यंत असा अल्बम सहज तीनदा ऐकून होतो. वाटेत डोंगराआड नेटवर्क जाते, म्हणून तो आधी फोनवर उतरवून घेतलेला बरा. तीनदा ऐकणे हे किमान पथ्य आहे. पहिल्या खेपेला नुसता गोंगाट कानावर आदळतो, दुसऱ्या खेपेला ड्रम वेगळे होतात, तिसऱ्या खेपेला गिटार आणि गळा.

खरे परीक्षण गळ्यापाशी सुरू होते. मेटलमधला खर्जातला गुरगुराट कमावलेला असतो आणि तो तसा ऐकूही येतो. स्क्रीमोतली किंचाळी वरच्या पट्टीत, फाटलेली, मुद्दाम न घासलेली असते. दम संपत आला की शब्दाचे शेपूट तुटते, आवाज चिरकतो. हे चिरकणे नेमके कुठे येते, हे परीक्षकाने टिपायचे. हळू, स्वच्छ गिटारीवर पुटपुटल्यासारखे बोलणे चालू असते, मग ड्रम एकदम सुसाट सुटतात आणि त्याच मात्रेवर गळा फाटतो. अशा वेळी ती किंचाळी रचनेचा भाग ठरते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच ताकदीने ओरडत राहिले, तर तिसऱ्या गाण्यापर्यंत कान बधिर होतात. मग कितीही कळवळून गायले तरी फरक पडत नाही.

रेकॉर्डिंगबद्दल लिहिताना ‘आवाज खराब’ एवढे म्हणून भागत नाही. सिम्बलचा खणखणाट गाण्याला गिळतो, बास गायब असतो. हे पैशांअभावी झाले की हेतुपुरस्सर, हे ओळखावे लागते. या शैलीत गायकाचा आवाज वाद्यांच्या मागे ढकलण्याची जुनी रीत आहे. पैशांअभावी झालेला गोंधळ बहुधा गाण्यागणिक बदलतो, ठरवून केलेला सर्वत्र सारखा राहतो.

शब्द कानाला क्वचितच लागतात, म्हणून छापील गीते जवळ ठेवायची. जपानच्या एन्व्ही या बँडने जपानी भाषेत गाऊन जगभर श्रोते मिळवले, त्यामुळे अर्थ कळल्याशिवाय परिणाम होत नाही असे नाही. पण परीक्षकाला ती सवलत नाही. मुंबईच्या स्क्राइबचेच पाहा. हा बँड स्क्रीमोचा नव्हे, हार्डकोरचा. पण ‘मार्क ऑफ तेजा’ (२०१०) आणि ‘हेल मोगँबो’ (२०१४) ही नावे हिंदी सिनेमा न पाहिलेल्या परीक्षकाच्या डोक्यावरून जातात आणि त्यातला वात्रटपणा निसटतो. मुंबईच्याच डेथ बाय फंगाय या बँडच्या ‘डाय इन बॉम्बे’ या ईपीचे नाव तर शहराचा पत्ता सांगूनच पुढे येते.

वंशावळही माहीत हवी. वॉशिंग्टनच्या राइट्स ऑफ स्प्रिंगचा एकमेव अल्बम १९८५ चा. इमोची सुरुवात बहुतेक जण तिथे मानतात, बँडला मात्र ते बिरूद कधी रुचले नाही. स्क्रीमोने नव्वदच्या दशकाच्या आरंभी सॅन डिएगोत आकार घेतला. मात्र नव्या बँडला पाच जुन्या नावांच्या दावणीला बांधणे हा परीक्षकांचा आवडता आळस आहे. तुलना एकच करावी आणि ती कुठल्या गाण्यातल्या कुठल्या जागेमुळे सुचली, तेही सांगावे.

या वर्तुळात माणसे थोडी. गिटार वाजवणाराच दारावर तिकिटे फाडतो, त्याच्याच कॅसेटवर परीक्षकाला लिहायचे असते. साहजिकच कौतुक स्वस्त होते. कॅलिफोर्नियातल्या ‘हार्टअटॅक’ या झीनने, म्हणजे हौशी नियतकालिकाने (१९९४–२००६), निदान एक रेघ आखली होती: बारकोड छापलेल्या रेकॉर्डचे परीक्षण करायचे नाही. बाजारापासून अंतर त्या नियमाने राखले गेले. मित्रांपासून राखायला असा नियम नाही. तिथे कुठले गाणे फसले आणि कितव्या मिनिटाला, एवढे नेमके लिहिले की बँडही सहसा रागावत नाही.


परीक्षणाच्या शेवटच्या ओळीत कामाची माहिती येते: कॅसेट की विनाइल, स्प्लिट (दोन बँडचा सामायिक रेकॉर्ड) असल्यास दुसऱ्या बाजूला कोण, रेकॉर्डिंग कोणी केले, गीते सोबत छापली आहेत की नाहीत.